उगारलेला हात

एकदा एका व्यावसायिक कबड्डी संघाच्या निवडचाचणीला एक तरुण आला आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभा राहिला. शेवटी उभे राहिले की नकारही उशिरा मिळतो, एवढाच त्याचा विचार होता.

त्याचे नाव धैर्यशील. नाव ठेवताना मुलाला कुणी विचारत नाही, त्यामुळे असे प्रकार होतात. कारण हा मुलगा भित्रा होता. थोडाथोडका नव्हे, चांगलाच. शिट्टी वाजली की दचकायचा, कुणी मागून हाक मारली की खांदे आक्रसून घ्यायचा. कॉलेजच्या संघात तो तीन वर्षे होता आणि तिन्ही वर्षे राखीव होता. मैदानात उतरताना अंगावर दागिना चालत नाही, म्हणून खेळाडू आपापली घड्याळे, अंगठ्या, गळ्यातले ताईत त्याच्याकडे द्यायचे. "धैर्या, सांभाळ रे," म्हणायचे आणि हसायचे. तो ते सगळे रुमालात बांधून मांडीवर घेऊन बसायचा. त्यातली एकही वस्तू कधी हरवली नाही, हेच काय ते त्याचे कॉलेजातले कर्तृत्व.

त्या कॉलेजात संघ निवडायची एक रीत होती. समोरून एक चढाईपटू यायचा आणि त्याला अडवायला एक बचावपटू एकटा उभा करायचे. एकट्याने पकड केली तर संघात, नाहीतर बाकावर. दिसायला मोठी न्याय्य रीत. पण कबड्डीत बचाव करणारे एकमेकांचे हात धरून उभे असतात, तिथे एकटा असा कुणी नसतोच, ही गोष्ट त्या शहाण्या मंडळींच्या कधी ध्यानात आली नाही. धैर्यशील एकटा उभा राहिला की त्याचे पाय जमिनीला चिकटायचे. चढाईपटू आरामात यायचा, त्याला शिवायचा, जाता जाता त्याचे केस विस्कटायचा आणि परत जायचा.

चाचणीला निघताना वडील त्याला म्हणाले होते, "जाऊन ये. तिथनं हाकललं की सरळ दुकानात. वेल्डिंगला माणूस पाहिजेच हाय मला."

ऐकणाऱ्याला हे साधेच बोलणे वाटले असते. धैर्यशीलला मात्र तसे वाटले नाही. वडिलांच्या हाताखाली काम करणे म्हणजे काय, ते त्याच्या पाठीला लहानपणापासून ठाऊक होते. पत्रा वाकडा कापला गेला तर हात उठायचा. सरळ कापला गेला आणि गिऱ्हाईक किरकिरे निघाले, तरी उठायचा. म्हणून ही चाचणी त्याच्या दृष्टीने नुसती खेळाची नव्हती. इथे निवड झाली नाही तर त्या दुकानात, त्या हाताखाली उभा जन्म जाणार होता.

संघाचे गुरू वयोवृद्ध होते. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी दिवसभर कुणाच्या चढाया पाहिल्या, कुणाच्या पकडी पाहिल्या आणि शेवटी एक चमत्कारिक गोष्ट केली. सगळ्यांना रांगेत उभे केले आणि एकेकाच्या समोर जाऊन, तोंडातून अवाक्षर न काढता, थोबाडीत मारायला उगारावा तसा हात उगारला.

भल्याभल्या धिप्पाड गड्यांनी डोळे गच्च मिटले. एकाने दोन्ही हात तोंडावर घेतले. एकजण तर असा मागे सरकला की मागे ठेवलेल्या पाण्याच्या पिंपावर जाऊन बसला. हशा पिकला. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या धैर्यशीलला हसू आले नाही. आबा जवळ येत होते तसतसा त्याला दरदरून घाम फुटत होता. अखेर आबा त्याच्यासमोर आले आणि त्यांनी हात उगारला.

धैर्यशीलची पापणीही लवली नाही.

"घाबरला नाहीस?" आबांनी विचारले.

"घाबरलोय की. पाय बघा माझे." खरोखरच त्याचे गुडघे लटपटत होते.

"मग डोळे का मिटले नाहीस?"

"तुम्ही मारणार नव्हता."

"कशावरनं?"

"तुमचा खांदा हलला नाही, आबा. नुसता हात वर आला."

हात खाली घेत आबा म्हणाले, "उद्यापासनं शिबिराला ये."

निवड झाली की भीती संपली, असे ज्यांना वाटते त्यांनी भीती जवळून पाहिलेली नसते. शिबिराच्या अखेरीला दोघांना घरी पाठवणार, हे पहिल्याच दिवशी सांगितले गेले आणि त्या दोघांतला एक आपणच, हे धैर्यशीलने तिथेच ठरवून टाकले. आबांनी कुणालाही हाक मारली तरी आपलीच वेळ आली, असे त्याला वाटे.

संघात मुजावर नावाचा एक खेळाडू होता. डावा कोपरा त्याचा. निधड्या छातीचा गडी, झेप अशी की घोटा एकदा हाती आला की सुटणे नाही. पण भीती म्हणजे काय हे त्याला माहीतच नव्हते आणि तिथेच त्याचे घोडे अडले होते. चढाईपटूने पाय पुढे टाकल्याची नुसती हूल दिली तरी हा झेपावायचा, फसायचा आणि बाद होऊन हसत हसत बाहेर जायचा. आबांनी धैर्यशीलला त्याच्या शेजारी उभे केले आणि एकाचा हात दुसऱ्याच्या हातात दिला. मग खिशातून एक फडके काढून मुजावरच्या डोळ्यांवर बांधले.

"आबा, आंधळी कोशिंबीर खेळायची हाय काय?" मुजावर म्हणाला.

"गप. आता दोघांनीबी तोंड उघडायचं नाही. धैर्यशील, खरा पाय पडला की ह्याचा हात दाब. मुजावर, हात दाबला की जायचं. न्हाई दाबला तर जागचं हलायचं न्हाई."

समोरून चढाईपटू आला. धैर्यशीलची नजर चढाईपटूवर असायला हवी होती, ती सारखी आबांच्या चेहऱ्याकडे जात होती. आता घालवतील, आता घालवतील, एवढे एकच त्याच्या डोक्यात घुमत होते. त्या घाईत हुलीवरच त्याचा हात दाबला गेला. मुजावरने विश्वासाने झेप घेतली. समोर पाय नव्हताच. तो सरळ तोंडावर आपटला, ओठ फाटला आणि मॅटवर रक्त सांडले.

मुजावर उठला. डोळ्यांवरचे फडके न काढताच त्याने रक्त पुसले आणि बाजूला हात पुढे केला. "धर की, भावा. कुठं गेलास?"

धैर्यशील मागे सरला होता. तो हात धरायची त्याची छाती झाली नाही.

संध्याकाळी तो पिशवी भरून बाहेर पडला. फाटकाजवळच्या नळावर आबा तेच फडके, नंतर मुजावरच्या ओठाला धरलेले, धूत बसले होते. पाणी तांबूस होऊन वाहत होते.

"कुठं निघालास?"

"घरी. तुम्ही घालवायच्या आधी मीच जातो." "मी भित्रा आहे, आबा. लहानपणापासनं आहे. आज ओठ फुटला. उद्या माझ्यामुळं त्याचा पाय मोडेल, खेळ सुटेल त्याचा."

आबांनी फडके पिळले आणि नळ बंद केला.

"तू भित्रा आहेस हे मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून तर तुला घेतला. त्या रांगेत सगळ्यांनी डोळे मिटले, का ते सांगू? उगारलेला हात वेगळा आणि पडणारा हात वेगळा, हे त्या पोरांना ठाऊकच नाही. नाही हे बरंच आहे. तुला ठाऊक आहे. ते तुला कुणी शिकवलं, हे मी विचारणार नाही. पण कबड्डी दुसरी काय असते रे? समोरचा पुन्हा पुन्हा पाय उगारतो आणि एकदाच टाकतो. मुजावरला दोन्ही सारखेच दिसतात. तुला फरक कळतो, पण तुझी भीती तुझ्याच अंगात कोंडून राहते आणि पाय जड करते. तिला बाहेर पडायला वाट पाहिजे. तुझ्या हातातनं त्याच्या हातात जाते, ती वाट. कॉलेजात तुझ्या शेजारी कुणाला उभंच केलं नाही, मग ती बिचारी जाणार कुठं?"

"पण आज मी चुकलो."

"आज तू चढाईपटूला भीत नव्हतास. मला भीत होतास, घरी जायला भीत होतास. भ्यायचंच आहे तर नीट भी. उद्यापासनं मी पाठ करून बसतो."

आणि खरोखर दुसऱ्या दिवसापासून आबा मैदानाकडे पाठ करून बसू लागले. बघणाऱ्यांना वाटले, म्हाताऱ्याला चळ लागला. धैर्यशीलला मात्र आता बघायला एकच माणूस उरला, समोरचा. हळूहळू त्याला उमगू लागले की हुलीत पाय पुढे येतो पण कंबर मागेच राहते, आणि खरा पाय येतो तेव्हा आधी कंबर येते. हे त्याला कुणी सांगितले नव्हते. घरी दाराशी वडिलांच्या चपला वाजल्या की त्यांच्या चालीवरून आज हात उठणार की नाही ते तो जसे ओळखायचा, तसेच हे. खरा पाय येताना दिसला की त्याच्या पोटात धस्स व्हायचे आणि त्याच क्षणी हात दाबला जायचा. मुजावर डोळे बांधलेल्या अवस्थेत घोटा धरू लागला. शिबिर संपले तेव्हा घरी गेलेले दोघे निराळेच होते.

पुढे स्पर्धा सुरू झाली. वर्तमानपत्रांत मुजावरच्या पकडींची छायाचित्रे येऊ लागली. नीट पाहिले तर त्या प्रत्येक छायाचित्रात कडेला एक पांढराफटक पडलेला मुलगा दिसे. लोक त्याला ओळखत नव्हते, पण समोरचे संघ ओळखू लागले होते. मुजावरला आता हुलीने फसवता येत नाही आणि त्याचे कारण शेजारी उभे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. दोन संघांनी तर पुढच्या वर्षासाठी त्याला निरोपही धाडले. ज्याच्याकडे ताईत सांभाळायला दिले जायचे, तोच हा मुलगा.

अंतिम सामन्यात त्याची खरी परीक्षा झाली. शेवटची चढाई उरली होती आणि आबांचा संघ एका गुणाने मागे होता. मैदानात तिघेच शिल्लक होते, मुजावर, धैर्यशील आणि पलीकडच्या कोपऱ्यात एकजण. तिघांनी पकड केली तर दोन गुण मिळतात, म्हणजे पकड झाली तर विजेतेपद. समोरून आलेला चढाईपटू हुलीसाठी प्रसिद्ध होता. त्याला कुणाला शिवायचीही गरज नव्हती. बचावाच्या अर्ध्यातली एक रेषा नियमापुरती एकदाच ओलांडायची आणि परतायचे, की सामना त्यांचा. त्याला धरायची संधी मिळणार होती ती तेवढ्या एका पावलापुरती.

प्रेक्षक ओरडत होते. धैर्यशीलला काही ऐकू येत नव्हते. त्याचे गुडघे चाचणीच्या दिवशी लटपटत होते तसेच लटपटत होते. चढाईपटूने पाय टाकला, काढला. पुन्हा टाकला, पुन्हा काढला. हात दाबावा असे त्याला प्रत्येक वेळी वाटले आणि प्रत्येक वेळी त्याने स्वतःला आवरले. वेळ संपत आली. मुजावर इतका शांत कसा उभा आहे, म्हणून त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिले.

मुजावरने डोळे मिटले होते.

डोळ्यांवर फडके नव्हते, कुणी सांगितले नव्हते. एवढ्या हजारो लोकांसमोर, वर्षभराचे सगळे पणाला लागलेले असताना, त्या निधड्या माणसाने आपण होऊन डोळे मिटून घेतले होते आणि हात तेवढा घट्ट धरला होता. आता चुकलो तर हा अंधारात उडी घेईल, या विचाराने धैर्यशीलला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. वडिलांचीसुद्धा नाही.

पुन्हा पाय आला. कंबर मागेच होती. त्याने हात दाबला नाही.

पुन्हा पाय आला. या वेळी आधी कंबर आली.

हात दाबला गेला. मुजावरची झेप गेली तेव्हा चढाईपटूचे पाऊल रेषेपलीकडे नुकते टेकत होते. घोटा हाती आला, पलीकडचा गडी धावत येऊन कोसळला आणि त्या ढिगात धैर्यशीलही होता, मुजावरचा हात अजून धरून ठेवलेला. शिट्टी वाजली. या वेळी तो दचकला नाही, कारण त्याला ती ऐकूच आली नाही.

मिरवून, नाचून झाल्यावर सगळे पांगले. मैदानाच्या कडेला आबा एकटेच उभे होते. धैर्यशील त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"भीती वाटली?" आबांनी विचारले.

"फार."

"कशाची? हरायची? घरी जायची?"

घराची, दुकानाची आठवण धैर्यशीलला त्या वेळी आलीच नव्हती, हे त्याला आत्ता कळत होते. दूरवर मुजावर कुणाला तरी खांद्यावर घेऊन नाचवत होता. "त्याला लागेल याची," तो म्हणाला.

आबांनी मान डोलावली. मग त्यांनी हात उगारला.

या वेळी खांदाही हलला. हात नुसता उगारलेला नाही, पडणार आहे, हे धैर्यशीलला इतर कुणाहीपेक्षा आधी कळले. सवयीने त्याचे अंग क्षणभर आक्रसले. पण तो जागचा हलला नाही, डोळेही त्याने उघडेच ठेवले. हात त्याच्या पाठीवर पडला आणि तिथेच राहिला. त्या पाठीला असा हात ठाऊक नव्हता.