गप्प झालेली दाढ

रानातले प्राणी एकमेकांची दुखणी निस्तरायचे, त्या काळातली ही गोष्ट. दातांचं काम साळूकडे, म्हणजे काटेरी साळिंदराकडे होतं, कारण किडक्या दाढेतली घाण आपल्या काट्याने उकरून काढणं तिलाच जमायचं. आणि तिच्या डोक्याला ताप होता तो एका तरसाचा.

हाड फोडताना तरसाची दाढ तडकली आणि त्याने ओरडून सगळं रान डोक्यावर घेतलं. साळू म्हणाली, "आ कर, आतली सडत चाललेली नस काढून टाकते." तरस म्हणाला, "उद्या." असे कितीतरी उद्या गेले. मग एके सकाळी तो नाचतच आला. "साळूबाई, दाढ बरी झाली! आपोआप!"

"बरी नाही झाली रे बाबा, आतून मेली!" साळू वैतागून म्हणाली. "आता मुळाशी पू साचेल."

तरस हसत निघून गेला. परत आला तेव्हा त्याचा गाल भोपळ्यासारखा सुजला होता. "गांधीलमाशी चावली असेल," तो म्हणाला. "दाढेचा काही संबंध नाही. ती बिचारी गप्प आहे."

साळूने कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात तळ्याकाठी केव्हाची ओरडणारी टिटवी एकदम गप्प झाली. तरस ताडकन उठला.

"पळा, साळूबाई! टिटवी गप्प झाली, म्हणजे बिबट्याने तिला धरलं! आता तो इकडेच येणार!"

साळूने काटे फुलवले, पण ती जागची हलली नाही.

"एवढं कळतं ना तुला?" ती खेकसली. "मग दाढ गप्प झाली तेव्हा नाचत कशाला होतास? आ कर!"