मागचा स्क्रू

“मग चूक माझी कशी, वस्ताद? तुम्हीच सांगा, माझी कशी?”

इंद्रजित चौगुले दारातूनच बोलत आत आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. हातातली फाइल त्याने बाकावर आपटली, तशी कडेला ठेवलेली कानस उडून खाली पडली.

दस्तगीर शिकलगारांनी कानशीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“आधी ती उचल.”

त्याने उचलली. पण तीही तणतणतच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वस्तादांचं हे एका खोलीचं दुकान. भिंतीवर बंदुका दुरुस्त करण्याचा परवाना, त्याखाली लांब लाकडी बाक आणि बाकाच्या टोकाला, तुकडा घट्ट पकडून ठेवणारा, वडिलांच्या वेळचा व्हाइस. वस्तादांनी सत्तरी कधीच ओलांडली होती. इंद्रजितने इंजिनिअर झाल्यावर दोन वर्षं याच बाकापाशी हात काळे केले होते. आता एमआयडीसीत त्याची स्वतःची, संगणकावर चालणारी मशिनं होती. तरी काही बिनसलं की गाडी इकडेच वळायची.

आज बरंच काही बिनसलं होतं.

ज्या रायफलीवरून बिनसलं ती बाकावर समोरच पडली होती. नेमबाजी केंद्राची पॉइंट टू टू. तिचा लाकडी दस्ता काढून इंद्रजितने तिला ॲल्युमिनियमची चॅसिस बनवून दिली होती. चॅसिस म्हणजे रायफलीचं सगळं अंगच. नळी आणि यंत्रणा तिच्यात बसते, खांदा आणि गाल तिलाच टेकतात. तीन महिने त्याने संगणकावर आराखडा घोटला होता. गालाची पट्टी वरखाली होत होती, खांद्याकडची लांबी बदलता येत होती, आणि हे सगळं एका अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेलं. बघणारा हात फिरवल्याशिवाय राहत नसे.

“केंद्राच्या नलवडे सरांनी इकडं पाठवली ना ही? माझी चॅसिस काढून परत लाकूड बसवायला?”

“व्हय. सकाळीच दिऊन गेले.”

“आणि तुम्ही काढणार?”

वस्तादांनी रायफल आपल्याकडे ओढून घेतली.

“अहो, तिनं स्वतः लिहून दिलंय!” इंद्रजितचा आवाज चढला. “कस्तुरीनं. राज्य स्पर्धेच्या निवडीतनं नाव मागं घेतलंय पोरीनं. पत्रात कारण काय दिलंय माहितीये? ‘माझा हात स्थिर राहत नाही.’ तिच्या सहीनं! ती स्वतः कबूल करते, तरी काढायची कुणाची? माझी चॅसिस! हा कुठला न्याय?”

कस्तुरी पोवार कागलची. वय एकोणीस. पालथं पडून नेम धरणाऱ्यांत जिल्ह्यात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं, आणि ही चॅसिस खास तिच्यासाठी, तिच्या मापाने केलेली. पण झालं होतं असं, की नव्या चॅसिसवर तिच्या पहिल्या दहा गोळ्या रुपयाएवढ्या जागेत जायच्या आणि पुढच्या हळूहळू वर, उजवीकडे सरकत जायच्या. रोज. दीड महिना रोज.

“तुला कधी म्हणाली ती?” वस्तादांनी विचारलं. “रायफलीत काय तरी हाय म्हणून?”

“चार वेळा म्हणाली. ‘सर, गरम झाली की ही वेगळीच वागते.’ वेगळीच वागते म्हणे! रायफल काय सासू आहे?”

“मग तू काय म्हणालास?”

“रविवारी शेवटी स्पष्टच सांगितलं. रायफल मी मापलीये, म्हटलं. कापतोय तो तुझा हात.”

“कुठं सांगितलंस?”

“शूटिंग रेंजवर.”

“कोण कोण हुतं?”

इंद्रजितने खांदे उडवले. “होते सगळे. पोरं होती, नलवडे सर होते. तिचे वडील आलेले पहिल्यांदाच, दूध डेअरीतनं सुट्टी काढून.”

“त्यांच्या म्होरं?”

“खरं होतं ते बोललो, वस्ताद. मी कुणाला भीत नाही.”

वस्तादांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाला पुसला. परत घातला...

त्यांच्या कपाळावरची शीर टरारली होती. इंद्रजितला ती दोन वर्षांत एकदाच दिसली होती, एका गिऱ्हाइकाने भरलेली बंदूक बाकावर ठेवली होती तेव्हा. पण आज तो स्वतःच इतका तापलेला होता, की त्याचं लक्ष गेलं नाही.

“हे बघा.” त्याने फाइल उघडली. “तपासणीचा कागद. सत्तावीस मापं. एक जरी चुकलेलं दाखवा, आत्ता इथं कान धरून उभा राहतो. नळीची बैठक सरळ आहे का? आहे. दोन्ही स्क्रूंच्या जागा एका पातळीत आहेत का? आहेत. केसभरही फरक नाही. मी एकदा नाही, तीनदा मापलंय.”

“कुठं मापलंस?”

“कुठं म्हणजे? मशिनवरच.”

“व्हाइसात धरलेलं असताना?”

“हो. हलू नये म्हणून.”

“हलू नये म्हणून...” वस्ताद स्वतःशीच म्हणाले.

“शेवटचा कट झाला, लगेच तिथंच मापं घेतली, मग काढली. सगळे तसंच करतात.”

“आणि शेवटच्या कटाच्या आधी सोडली न्हाईस? रातभर फळीवर ठेवली न्हाईस?”

इंद्रजित हसला. वस्तादांची ही जुनी रीत होती. कुठलाही तुकडा निम्मा-अधिक कापून झाला, की ते तो व्हाइसातून सोडत, रात्रभर फळीवर मोकळा ठेवत, सकाळी पुन्हा हलक्या हाताने पकडून शेवटचा कट घेत. शिकत असताना इंद्रजितने यावरून त्यांची भरपूर चेष्टा केली होती.

“वस्ताद, ॲल्युमिनियम काय बाळंतीण आहे, विश्रांती द्यायला? ते कानशीच्या जमान्यात ठीक होतं. माझं मशिन...”

“डायल आण.”

“काय?”

“कपाटात डायल हाय. आण.”

त्याने आणला. घड्याळासारखी तबकडी, बारीक काटा आणि खाली चुंबकाचा पाया. तबकडीवरचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. वस्तादांनी रायफल उघडून ती रिकामी असल्याची आधी खात्री केली. मग चुंबक पोलादी नळीवर चिकटवला, डायलचं टोक खालच्या चॅसिसवर टेकवलं आणि तबकडी फिरवून काटा शून्यावर आणला.

स्क्रूची चावी त्यांनी इंद्रजितच्या हातात दिली.

“मागचा स्क्रू सोड.”

“त्यानं काय होणार?”

“काय व्हायचं न्हाई. तुझं सरळ हाय न्हवं? मग काटा हलायचा न्हाई. सोड.”

इंद्रजितने चावी घातली. त्याला खरोखरच काही वाटत नव्हतं. उलट, आता हे म्हातारं एकदाचं गप्प होईल, असंच त्याच्या मनात होतं. त्याने अर्धा फेरा सोडला.

काटा हलला.

पाच घरं. अकरा. एकोणीस. चोवीस घरांवर जाऊन थांबला...

“परत आवळ.”

त्याने आवळला. काटा निमूट शून्यावर आला.

“सोड.”

चोवीस.

“बाक हलतंय,” इंद्रजित म्हणाला.

“मग जमिनीवर ठिवून बघ.”

त्याने खरंच ठेवलं! एवढा शिकलेला माणूस फरशीवर उकिडवा बसला आणि स्क्रू आवळून सोडून, सोडून आवळून बघत राहिला. पाच वेळा केलं. काटा एकदाही चुकला नाही. शून्य आणि चोवीस, चोवीस आणि शून्य.

आता न समजण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मशिनच्या व्हाइसाने ठोकळा दाबून धरला होता, तोवर तो सरळ होता, आणि सत्तावीसच्या सत्तावीस मापं खरी होती. व्हाइस सुटला तसा तुकडा आपल्या मनाने वाकला. पाव मिलिमीटरच, डोळ्यांना न दिसणारा. त्या वाकलेल्या अंगात रायफल स्क्रूने आवळली, तेव्हा रायफलही ताणली गेली. गार होती तोवर तिने सहन केलं. नळी तापली, की सरकली. कस्तुरी हेच सांगत होती, चार वेळा, तिला येत होतं त्या भाषेत.

आणि तिचा हात दीड महिना जागचा हलला नव्हता.

इंद्रजित फरशीवरून उठला नाही. त्याचे कान लाल झाले होते. त्याला राग आला होता, प्रचंड आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मशिनवर काढावा, तर मशिनने सांगितलं तेच केलं होतं.

“नवीन करतो,” तो एकदम म्हणाला. “आत्ता फोन करतो, ठोकळा चढवायला सांगतो. तुमच्या रीतीनं करतो, मोकळी ठेवून. चार दिवसांत देतो. स्पर्धेला अजून तीन आठवडे आहेत.”

खिशातून मोबाइल काढून तो नंबर शोधू लागला.

“किती वाजले?” वस्तादांनी विचारलं.

“साडेचार.”

“नलवडे सर स्पर्धेची नावं आज किती वाजता धाडणार?”

इंद्रजितचं बोट थांबलं.

“पाचला.”

वस्ताद आपल्या स्टुलावर जाऊन बसले. त्यांनी कानस उचलली आणि ब्रशने तिच्या दातांतला चुरा काढू लागले. वर बघितलं नाही.

“आवाज म्होटा कर,” ते म्हणाले. “मलाबी ऐकू दे.”

इंद्रजितने कस्तुरीला फोन लावला. चार वेळा वाजला. पाचव्यांदा तिने उचलला.

“सर?”

“कस्तुरी... ऐक. रायफलीत दोष होता. चॅसिस वाकलेली आहे. आत्ता बघितलं, वस्तादांच्या इथं. तुझा हात ठीक आहे. तू नाव मागं घेऊ नकोस.”

पलीकडे कुठेतरी भांडी वाजत होती.

“ऐकतेस ना?”

“सर, मग तो कापत नाही?”

“नाही.”

“कधीच कापत नव्हता?”

“नाही गं. नव्हता.”

ती पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. रडवेला नव्हता. संतापलेला होता.

“सर, रविवारपासनं आबा जेवताना माझ्या हाताकडं बघतात. मी घास उचलला की बघतात. काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. मी डाव्या हातानं पाणी प्यायला लागलीये.”

इंद्रजितने डोळे मिटले.

“मी त्यांना सांगतो. फोन दे त्यांच्याकडं.”

“फोनवर नको.”

“अगं, आत्ताच सांगतो ना...”

“तुम्ही रेंजवर बोलला होता. सगळ्यांसमोर. आता नलवडे सरांना फोन करा आणि माझं पत्र का चुकीचं आहे ते सांगा. आणि येत्या रविवारी मी आबांना परत घेऊन येते. सगळे असतील. जिथं उभं राहून म्हणालात ना, तिथंच उभं राहून म्हणा. म्हणाल का?”

इंद्रजितने मोबाइलवर तळहात घट्ट दाबून धरला आणि वस्तादांकडे वळला.

“बघा!” तो दबक्या आवाजात फुत्कारला. “चूक मान्य केली, तरी हिचं समाधान नाही! सगळ्यांसमोर म्हणे! अहो, अर्धी एमआयडीसी येते त्या रेंजवर. ज्यांची कामं मी करतो ते सगळे असतात. त्यांच्यापुढं उभं राहून सांगू, की मला एक तुकडा सरळ कापता आला नाही आणि मी पोरीच्या माथी मारलं? वस्ताद, उद्या मला काम कोण देईल?”

वस्तादांनी कानस खाली ठेवली...

“काम मी दीन,” ते म्हणाले. “आधी त्या फोनवरचा हात काढ.”