कोंबड्यांचं बारसं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे डोंगर तेवढे अजून उभे आहेत, माणसांची नावं मात्र कुणाला धड आठवत नाहीत. दोघांची आठवतात, कारण ही गोष्टच मुळी नावाची आहे.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात तानाक्का नावाची म्हातारी राहायची. कुणाच्या भाकरीला, कुणाच्या मिशीला, कुणाच्या चालण्याला ती सदा नावं ठेवायची. कुणी तिच्या जिभेतून सुटला म्हणून ऐकिवात नव्हतं. पण पोर तापाने फणफणलं, की त्याच्या उशाशी बसायला आधी हीच म्हातारी धावायची. म्हणून गाव तिला हसायचं आणि जपायचंही.

गावाला एक वाईट खोड होती. सुगी संपली, की देवीच्या जत्रेत कोंबड्यांची झुंज लागायची. पायाला धारदार पातं बांधायचं, दोन कोंबडे रिंगणात सोडायचे आणि एक पडेपर्यंत आरडाओरडा करायचा. जिंकेल त्याच्या मालकाला मानाचा फेटा. आपण काठावर उभं राहायचं आणि मुक्या जिवाने मरायचं, याला त्या गावात मर्दुमकी म्हणत.

झुंजीला एक दंडक होता. पातं बांधण्याआधी पाटील विचारायचे, "घरचा की रिंगणाचा?" मालकाने म्हणायचं, "रिंगणाचा. बिननावाचा." ज्याला नाव आहे तो घरचा, आणि घरच्याचं रक्त देवीपुढे सांडायचं नाही, असं वाडवडील सांगून गेले होते. बिचाऱ्यांना झुंजच बंद करायची असेल. पण पोरं बापापेक्षा हुशार! त्यांनी झुंज चालू ठेवली आणि कोंबड्यांना नाव द्यायचं सोडलं. कुणी तांबडा म्हणे, कुणी काळा. रंग म्हणजे काही नाव नव्हे.

तानाक्काच्या नवऱ्याने असे तीन फेटे जिंकले होते. तिसऱ्या वर्षीचा कोंबडा जिंकला खरा, पण सांजेला तिच्या पदरातच त्याने मान टाकली. नवरा पुढे वारला. घरात खुंटीवर तीन फेटे उरले होते, आणि ते पाहिले की आक्काला रडू यायचं.

तिचा एकुलता एक लेक येसाजी आता चौथ्या फेट्याच्या मागे लागला होता. त्याने एक तांबडा कोंबडा वाढवला होता. रोज पहाटे तो गोठ्यात बसून त्याच्या पायांना तेल चोळायचा, भिजवलेले हरभरे हाताने भरवायचा आणि त्याच्याशी काहीबाही पुटपुटायचा. तो तांबडा दिवसभर आक्काच्या मागेमागे फिरायचा आणि ती निवडायला बसली, की खुशाल तिच्या सुपात शिरायचा.

जत्रेला दहा दिवस उरले, तेव्हा आक्का देवळात गेली. पाटील पायरीवर बसले होते, भोवती चार माणसं.

"पाटील, औंदा झुंज नको," ती म्हणाली. "देवी का कोंबड्याची आतडी बघायला बसलीया व्हय?"

पाटील मिशीत हसले. "आक्का, मानसांना नावं ठेवून दमलीस वाटतं! आता कोंबड्यांना ठेव जा."

सगळे खो खो हसले. आक्का हसली नाही. तिने पाटलांच्या बुडाखालची पायरी पाहिली. देवीच्या पायरीवर बोललेला शब्द मागे घेता येत नाही, हे त्या गावात तान्हं पोरही जाणत होतं.

"ठेवते की," ती म्हणाली आणि घरी जाऊन तिने घुगऱ्या शिजायला टाकल्या.

दुसऱ्या दिवसापासून आक्का दारोदार फिरू लागली. बगलेत रिकामी टोपली, पदरात घुगऱ्या. सुताराच्या अंगणात तिने कोंबडा मांडीवर घेतला, टोपलीत ठेवून त्याला चार झोके दिले आणि म्हणाली, "एक डोळा मिटून बघतोय बघ, फळी सरळ हाय का वाकडी! थेट तुझा आजा. ह्याचं नाव हैबती."

सुताराने हसता हसता कोंबड्याला टोपलीतून उचलून घेतलं. आजा खरंच तसाच बघायचा.

गुरवाचा कोंबडा भर दुपारी आरवायचा. आक्का म्हणाली, "धनी उशिरा उठतोय, तर ह्यानं तरी का घाई करावी? ह्याचं नाव निवांतराव." गुरवाची बायकोच आधी हसली.

असं घरोघर बारसं झालं. सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या. थट्टेत ठेवलेली नावं पोरांच्या तोंडी बसली, मग बायकांच्या, मग बाप्यांच्या. हैबती पावट्याच्या वाफ्यात शिरला आणि निवांतराव विहिरीच्या काठावर चढून बसला, एवढ्याच बातम्या गावात उरल्या.

फक्त दोन कोंबडे राहिले. पाटलांनी आपला काळा खोलीत कोंडून ठेवला. आणि येसाजी आईला म्हणाला, "आये, ह्याला नाव ठेवलंस तर माझी शपथ हाय तुला. बाचं तीन झालं. माझा एक तरी होऊ दे."

एकुलत्या लेकाची शपथ! साऱ्या गावाला पुरून उरलेली आक्का तिथे हरली. त्या दिवसापासून तिने तांबड्याला नुसतं पोटाशी धरलं, तोंडातून मात्र चकार शब्द काढला नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. रिंगण आखलं. लोहार पाती घेऊन बसला. पाटलांनी सुताराला विचारलं, "घरचा की रिंगणाचा?"

सुताराने हातातल्या कोंबड्याकडे पाहिलं. कोंबड्याने एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं.

"घरचा," सुतार म्हणाला. "आजाला रिंगणात कसा सोडू?"

गुरव म्हणाला, घरचा. तेली म्हणाला, घरचा. एकेक जण कोंबडा काखोटीला मारून बाजूला झाला. शेवटी उरले पाटील आणि येसाजी.

"रिंगणाचा. बिननावाचा," पाटील आपल्या काळ्याबद्दल म्हणाले.

"रिंगणाचा," येसाजी म्हणाला. "बिननावाचा." त्याने आईकडे पाहिलं नाही.

पाती बांधली. कोंबडे सुटले. पहिल्या झेपेलाच काळ्याचं पातं चमकलं आणि तांबड्याच्या पंखातून रक्ताची धार लागली. तो अडखळून पडला. काळा पुन्हा उसळला. आक्काने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

तेवढ्यात रिंगणाच्या काठावरून किंकाळी उठली.

"धाकल्या! ए धाकल्या, मागं हो!"

ओरडला होता येसाजी. आणि तो तांबडा, रक्ताने निथळणारा, ती हाक ऐकून वळला आणि लटपटत त्याच्याकडेच धावत आला. येसाजीने त्याला उचलून छातीशी धरलं. पहाटेच्या गोठ्यात वर्षभर जे पुटपुटलं होतं, ते भर गावात तोंडातून निघालं होतं.

सुतार हळूच म्हणाला, "पाटील, नाव निघालं. घरचा झाला."

आक्का पुढे आली. तिने लेकाच्या गालावरचं पाणी पुसलं. "लेका, शपथ मला घातलीस आन् नाव तूच ठेवलंस व्हय? धाकला म्हंजी माझाच की रं! एकच लेक म्हणून मी रडत होते, आन् हा दुसरा माझ्या सुपात चरत होता."

पाटील रिंगणात एकटे उरले. त्यांचा काळा समोर कुणी दिसेना म्हणून मान वाकडी करून त्यांच्याचकडे बघत होता. त्यांनी वाकून त्याच्या पायाचं पातं सोडलं. मग घसा खाकरून म्हणाले, "आक्का, घुगऱ्या उरल्यात का? ह्याचंही नाव ठेव."

"नको बाई," आक्का म्हणाली. "लोक म्हणतील, तानाक्का पाटलांना नावं ठेवते."

तेव्हा मात्र सगळं गाव हसलं, आणि पाटील सगळ्यांत मोठ्याने.

धाकल्याचा पंख आक्काने हळद भरून बरा केला. लोहाराने ती पाती वितळवून त्यांच्या विळ्या केल्या आणि घरोघर दिल्या. पुन्हा त्या गावात झुंज लागली नाही. जत्रेत त्या दिवशी कोंबड्यांचं बारसं होऊ लागलं. मानाचा फेटा कुणाला द्यायचा, असा प्रश्न पडला, तेव्हा पाटलांनीच तो धाकल्याच्या डोक्यावर ठेवला. फेटा घसरून खाली पडला आणि धाकल्याने लगेच त्यात बैठक मारली.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि मोठ्यांनो: ज्याला नावाने हाक मारली, त्याला मारायला हात धजत नाही.