एक हजार नऊ पानं

"उद्याच्या पंगती सगळ्या सारख्या बसल्या पाहिजेत! एकीत एकही पान कमी नको की जास्त नको!" भद्रसेन राजाने फर्मावलं. "आणि कुणाला वगळायचंही नाही! चुकलास नारो, तर पळी काढून घेईन आणि वेशीबाहेर घालवीन!"

गेल्या खेपेला शेजारच्या राज्याचे वकील शेवटच्या पाच पानांच्या तोकड्या पंगतीत बसले आणि रुसून उपाशीच उठले. तेव्हापासून राजाच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं.

जेवणारे होते एक हजार नऊ. नारो आचाऱ्याने स्वयंपाकघराच्या फरशीवर तेवढे मूग मांडले. दोन-दोनच्या ओळी केल्या, एक उरला. तीन-तीनच्या केल्या, एक उरला. पाच-पाचच्या केल्या, चार उरले. दरबारचे शास्त्रीबुवा मदतीला आले. त्यांनी एकतिसापर्यंत भागून पाहिलं आणि हात टेकले.

"ही मूळ संख्या, नारोबा. एक आणि ती स्वतः, याखेरीज हिला कशानेच भाग जात नाही."

"बत्तिसाने बघा ना!"

"बत्तीस गुणिले बत्तीस हजार नऊच्या पुढे जातं, म्हणून एकतिसापुढे बघायची गरजच नसते. एकच लांब पंगत मांडा."

"एवढं लांब अंगण कुठलं आणू?"

"तेही खरंच," शास्त्रीबुवा म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

नारोची मुलगी भिवरा कोपऱ्यात पत्रावळी पुसत होती. बापाचा रडवेला चेहरा बघून ती मुगांजवळ येऊन बसली.

"बाबा, महाराजांचं पान कुठे?"

"पहिल्या पंगतीत, पहिलंच. चांदीचा पाट असतो त्यांना."

"म्हणजे ते या हजार नऊंत धरलेत?"

"धरलेत म्हणजे! मोजणीच त्यांच्यापासून सुरू होते!"

भिवराने एक मूग उचलून तोंडात टाकला. "मांडा आता छत्तीस-छत्तीसच्या ओळी."

दुसऱ्या दिवशी अंगणात अठ्ठावीस पंगती बसल्या, प्रत्येकीत छत्तीस पानं. राजा ऐटीत आला. बघतो तर त्याला पाटच नाही!

"माझं पान कुठंय?"

भिवराने त्याच्या हातात तुपाचं भांडं दिलं. "महाराज, आमंत्रणाची अक्षत तुम्हाला कुणी दिली?"

"मला कोण देणार? मीच सगळ्यांना धाडली!"

"मग तुम्ही पाहुणे नव्हे, यजमान. यजमानाने तूप वाढावं, 'सावकाश होऊ द्या' म्हणावं आणि शेवटी जेवावं. आमच्या आळीत तरी असंच असतं."

 शास्त्रीबुवांच्या हातातलं आपोष्णीचं पाणी हातातच राहिलं.

"आणि शेवटी मी एकट्याने जेवायचं?" राजा गरजला. "म्हणजे पुन्हा तोकडी पंगत! नारो, आण ती पळी इकडे!"

नारोने कमरेची पळी काढली. भिवरा मात्र जागची हलली नाही.

"एकट्याने कशाला, महाराज? यजमानाबरोबर आचारी-वाढपी बसतात. आम्ही पस्तीस आहोत."

राजाने बोटं मोजली, मध्येच सोडली आणि शास्त्रीबुवांकडे पाहिलं.

"छत्तीस, महाराज," शास्त्रीबुवा म्हणाले.

राजा असा खदखदून हसला की निम्मं तूप वकिलांच्या भातावर सांडलं! वकील खूश झाले. नारोला चांदीची पळी मिळाली. आणि शेवटच्या पंगतीत राजा साध्या पाटावर बसला. शेजारी चांदीच्या पाटावर भिवरा होती.