सांबर प्रमुख झाला त्या वर्षी

मुलांनो, सागाच्या एका दाट जंगलात, नदीच्या वळणापाशी एक म्हातारी सशीण राहत असे. तिच्या लहानपणी त्या वळणावरच्या डोहात सगळे प्राणी एकत्र पाणी पीत. गवे गुडघाभर पाण्यात उभे राहत, त्यांच्या पाठीवर बगळे बसत आणि त्यांच्याच पायांशी सशांची पिल्ले खुशाल पाणी पीत. कोणी कोणाला हटकत नसे. मग एक वर्ष कोरडे गेले आणि डोह आटला. तेव्हा जंगलाच्या सभेने एक नियम केला. शिंगवाल्यांनी आणि सुळेवाल्यांनी सकाळी पाणी प्यावे, बाकीच्यांनी उन्हे कलल्यावर. पुढे भरपूर पाऊस झाला, डोह काठोकाठ भरला, पण नियम तसाच राहिला. रानडुकरे दिवसभर डोहात लोळत आणि लहान प्राण्यांची पाळी येईपर्यंत पाण्याचा चिखल होई. मग ते लांबच्या ओढ्यावर जात. त्या वाटेवरच्या झुडपांत बिबट्या दबा धरून बसे. सशिणीची धाकटी बहीण त्याच वाटेवर गेली, ती परत आली नाही.

काही वर्षांनी जंगलाचा म्हातारा प्रमुख वारला. नवा प्रमुख निवडायला सगळे प्राणी नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडाखाली जमले. पळस ऐन बहरात होता. एक उमदा सांबर पुढे आला आणि म्हणाला, "डोह पूर्वीसारखा सर्वांना सकाळपासून खुला व्हावा, असे मला वाटते." एवढे ऐकताच लहान प्राण्यांनी एकच जल्लोष केला. खारी फांद्यांवरून नाचल्या, मोर ओरडले आणि सांबराची निवड झाली. "आता आपले जुने दिवस परत येणार!" असे सशीण ज्याला त्याला सांगत सुटली. पुढे कितीतरी वर्षे त्या दिवसाची आठवण निघाली की तिचे डोळे भरून येत. इतक्या जणांना एकाच वेळी इतके आनंदात तिने पूर्वी कधी पाहिले नव्हते.

पण आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले, डोहात रानडुकरेच लोळत होती. शेवटी सशीण रागारागाने सांबराकडे गेली. "सांबरदादा, आम्ही तुम्हाला एवढ्या आशेने निवडले. तुम्हीही विसरलात ना?"

सांबराने मान खाली घातली. "विसरलो नाही, आजी. मी सभेपुढे दोनदा हा विषय मांडला. पण नियम करायचा किंवा मोडायचा अधिकार सभेचा आहे. जंगलाच्या सात बाजूंचे सात सभासद. त्यांतल्या रानडुकराने विरोध केला, चार मते त्याच्या बाजूने पडली आणि विषय तिथेच संपला."

"मग तुम्ही एकट्यानेच नियम मोडा! तुमच्या शिंगांपुढे कोण उभा राहील?"

"आज मी तुमच्यासाठी मोडीन," सांबर शांतपणे म्हणाला, "पण उद्या माझ्या जागी दुसरा कोणी येईल आणि त्याच्या सोयीसाठी मोडेल. तेव्हा तुम्ही कोणाकडे जाल? आजी, एक विचारू? सभेत तुमच्या बाजूचा सभासद कोण आहे?"

सशीण गोंधळली. तिला आठवेना. चौकशी केली तेव्हा कळले की तो साळिंदर होता. सभा भरे भर दुपारी, आणि दुपारी साळिंदर बिळात गाढ झोपलेला असे. जो येत नाही त्याचे मत रानडुकराच्या पारड्यात टाकायची सभेत रीतच पडली होती. सशीण बिळाशी गेली, तेव्हा साळिंदर जांभई देत म्हणाला, "इतक्या वर्षांत तुमच्यापैकी कोणी मला एका शब्दाने विचारले का? मला वाटले, तुमचे बरे चालले आहे." सशिणीला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. प्रमुख निवडायला ती दोन टेकड्या चालून गेली होती, पण सभासद निवडायच्या दिवशी मात्र दरवेळी आपल्या बिळाशी गवत खात बसली होती.

पानगळीत नवे सभासद निवडायचे होते. त्याआधी म्हातारी सशीण बिळाबिळाला जाऊन आली. कोणी म्हणाले, "आता काय व्हायचे आहे? सांबरही तसलाच निघाला." ती म्हणे, "सांबर आहे तिथेच उभा आहे. आपणच त्याला एकटे सोडले." निवडीच्या दिवशी ससे, मुंगसे, खारी सगळे झाडाखाली हजर झाले आणि त्यांनी दिवसा जागणारी, चुणचुणीत खार सभेत पाठवली. सभेच्या दुपारी तर सारे गोलाकार येऊन बसले. सांबराने तिसऱ्यांदा विषय मांडला. रानडुक्कर गुरगुरले, "नियम जुना आहे!" खार म्हणाली, "डोह त्याहून जुना आहे." मते मोजली. तीन रानडुकराच्या बाजूने, चार खारीच्या बाजूने. नियम रद्द झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सशीण डोहावर गेली. काठाशी आल्यावर तिचे पाय आपोआप थांबले, इतकी त्या मनाईची सवय झाली होती. पाण्यात एक म्हातारी गवीण उभी होती. तिने मान वळवून पाहिले आणि थोडी बाजूला सरकली. "ये गं," ती म्हणाली, "अजून गार आहे पाणी."

तात्पर्य : चांगला प्रमुख निवडला म्हणजे आपले काम संपत नाही, नियम करणाऱ्या सभेत आपण कोणाला पाठवतो आणि तो तिथे काय करतो, याकडे लक्ष ठेवले तरच हवा तो बदल घडतो.