दुधाचा दुसरा पेला

एकदा एक वृद्ध ख्रिस्ती पाळक आपल्या कुटुंबासह नाताळच्या तोंडावर प्रवासाला निघाले. याकोब पारधे त्यांचे नाव. आयुष्यभर मंडळीची सेवा करून ते निवृत्त झाले होते, आणि आता त्यांची नात शलोमी त्यांच्याच हाताखाली उपदेशकाच्या कामाचे धडे घेत होती. गाडी तिचे वडील चालवत होते, शेजारी आई मार्थाबाई. मागे नव्या ब्लँकेटांचे गठ्ठे. डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात ती वाटायची आणि शलोमीने करुणेवर चार शब्द बोलायचे, असे ठरले होते. तिचे हे पहिलेच प्रवचन. वाटभर ती ओठांतल्या ओठांत उजळणी करत होती.

घाट उतरताना एका वळणावर समोरून ट्रक अंगावर आला. वडिलांनी गाडी झटकन बाजूला घेतली, आणि ती रस्त्याकडेच्या चरात कलंडली. जिवावर बेतले नाही, पण मार्थाबाईंचा हात दारात सापडला. मनगट बघता बघता सुजले. वेदनेने त्या कळवळू लागल्या. शलोमीने रस्त्यावर उभे राहून हात केले. गाड्या क्षणभर मंदावल्या आणि निघून गेल्या.

माळावर मेंढ्या चरत होत्या. तिथल्या पालातून एक धनगर बाई, ठकूबाई, नवऱ्याला हाका मारत धावत आली. तिने मार्थाबाईंना आधार देऊन पालापाशी नेले, घोंगडीवर बसवले, आणि दोरीवर वाळत घातलेले आपले लुगडे टरकन फाडून त्यांचा हात गळ्याशी झोळीत बांधला. नवरा गाडी ओढायला ट्रॅक्टर आणण्यासाठी खालच्या गावाकडे गेला. ठकूबाईने चूल पेटवली आणि प्रत्येकाच्या हाती शेळीच्या गरम दुधाचा पेला दिला.

"प्या वं माय, हुशारी वाटंल," ती मार्थाबाईंना म्हणाली.

शलोमीला मात्र स्वस्थ बसवेना. फाटलेल्या लुगड्याकडे तिचे लक्ष पुन्हा पुन्हा जात होते. ती उठली, गाडीतून दोन नवी ब्लँकेटं आणून ठकूबाईपुढे ठेवली आणि म्हणाली, "मावशी, हे घ्या. तुमचे उपकार आमच्यावर राहायला नकोत."

ठकूबाईचा चेहरा उतरला. "आमी काय दुकान मांडलंय व्हय, पोरी?" एवढे बोलून ती चुलीकडे वळली.

तेव्हा याकोबबाबांनी आपला रिकामा पेला पुढे केला. "ठकूबाई, आणखी थोडं दूध मिळेल का? फार गोड लागलं."

शलोमी शरमेने लाल झाली. या गरीब बाईकडे आणखी मागायचे? पण ठकूबाई खुदकन हसली. "मिळंल की बाबा! न मिळायला काय झालं!" असे म्हणत भांडे घेऊन ती शेळीकडे गेली. नंतर त्यांच्याजवळ बसून ती आपल्या लेकीच्या बाळंतपणाचे सांगत राहिली, आणि बाबा एकेक घोट घेत ऐकत राहिले. ब्लँकेटं शलोमीने मुकाट्याने परत नेली.

ट्रॅक्टरने गाडी बाहेर काढली. वाटेतल्या दवाखान्यात मार्थाबाईंच्या हाताला प्लॅस्टर घातले. तिथे बाकावर बसल्यावर शलोमी म्हणाली, "आजोबा, मी द्यायला गेले तर तिला राग आला. तुम्ही मागितलंत आणि ती खूश झाली. असं कसं?"

"खरं सांगू? माझं पोट पहिल्याच पेल्यात भरलं होतं," बाबा म्हणाले. "पण तू तिचं देणं परत करायला निघाली होतीस. आपण मदत करणारी माणसं. मदत घ्यावी लागली की आपल्याला खाली उतरल्यासारखं होतं. म्हणून तुला लवकरात लवकर वर चढायचं होतं. अगं, प्रभू शिष्यांचे पाय धुऊ लागले तेव्हा त्यांच्यातल्या पेत्रानं पाय मागेच घेतले होते. प्रभूचे पाय धुवायला तो आनंदानं बसला असता, पण आपले पाय प्रभूच्या हातात देणं त्याला जड गेलं. आज प्रभूनं आपल्याकडे ठकूबाईला पाठवलं होतं. अशा वेळी माणसानं पाय पुढे करावेत, पोरी, आणि मनापासून आभार मानावेत."

आईच्या गळ्यातल्या लुगड्याच्या त्या पट्टीवरून शलोमीने हळूच हात फिरवला. तिचे डोळे भरून आले.

वृद्धाश्रमात ते उशिरा पोहोचले. प्रवचनाची वेळ टळून गेली होती. शलोमी ब्लँकेटं वाटू लागली. एका आजीने ब्लँकेट मांडीवर घेतले, उशीखालून अर्धा पेरू काढला आणि तिच्यापुढे धरला.

"राहू द्या, आजी, तुम्हीच खा," हे शब्द शलोमीच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले. गठ्ठा खाली ठेवून ती आजीच्या खाटेवर टेकली, तो पेरू दोन्ही हातांनी घेतला आणि खाऊ लागली.

"गोड आहे ना गं?" आजीने विचारले.

"फार गोड आहे, आजी," शलोमी म्हणाली.