थोरले पायरीवर येतात

फार जुन्या काळची गोष्ट आहे. राजे बदलायचे, पण वाटा बदलायच्या नाहीत, असे ते दिवस होते. एका तळ्याकाठी विणकरांची वस्ती होती. त्यांच्या कापडाचं नाव इतकं मोठं की परगण्यातल्या बायका भांडतानासुद्धा म्हणायच्या, "पदर सोड, तळ्यावरचं लुगडं आहे." विणकरांना याचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. चांगलं काम करणाऱ्यानं मान खाली घालून का चालावं?

वस्तीचा कारभार एका बाईकडे होता. सगळे तिला कारभारीण म्हणत. ताठ चालीची, मोजकं बोलणारी बाई. तिनं हात फिरवून चांगलं म्हटलेलं कापड बाजारात कुणी उलटून पाहत नसे.

पण तळं आटत गेलं. आधी काठ उघडे पडले, मग चिखल, मग चिखलालाही भेगा पडल्या. पाण्यावाचून सूत धुता येईना की रंग चढेना. शेवटी वस्तीनं माग सोडवले, गाड्यांवर बांधले आणि नवी जागा शोधायला निघाली.

सगळ्यात पुढच्या गाडीत एक रांजण होता, आणि रांजणात एक कासव. तळ्यातल्या या कासवाला वस्ती 'थोरले' म्हणायची, कारण त्याच्याहून थोर तिथं कुणीच उरलं नव्हतं. वस्तीची जुनी रीत होती: नव्या पाण्यात आधी थोरले उतरतील, मग आपली घागर बुडेल. ही रीत कुणी घातली आणि कशासाठी, ते आता कुणाला नीटसं सांगता येत नव्हतं. पण ढोल कधी वाजवायचा, हळद कुणी लावायची, हे मात्र सगळ्यांना पाठ होतं. रीतींचं असंच होतं. गाभा विसरतो, गुलाल लक्षात राहतो.

दुसऱ्या गाडीत एक शेला होता. सगळ्या घरांनी मिळून तो विणला होता. काठ एका घराचा, पदर दुसऱ्याचा, अंगावरची बुट्टी आणखी कुणाची. तो राजाच्या खांद्यासाठी विणायला घेतला होता. तळं आटल्यावर ठरलं की याच शेल्याच्या बदल्यात नवी जागा घ्यायची. वस्तीजवळ देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. शेला एकदाच देता येणार होता, म्हणजे जागाही एकदाच निवडता येणार होती.

राजधानीच्या वाटेवर एका सरदाराची मोकळी जागा होती. सपाट, ऐसपैस, भोवती दगडी कुसू. मधोमध पायऱ्यांची बारव, म्हणजे खाली पाण्यापर्यंत उतरत जाता येईल अशी विहीर. आणि बारवेतलं पाणी! तळाचा दगड न् दगड दिसत होता. रंग किंचित निळसर, वर शेवाळाचा ठिपका नाही, गवताची काडी नाही.

सरदार म्हणाला, "कारभारीणबाई, अशी जागा मी कुणालाही दिली नसती. पण तुमच्यासारखे कसबी लोक माझ्या जागेवर राहणार, यात माझाही मान आहे."

कारभारणीला हे ऐकून बरं वाटलं. राजरस्त्यावर आपली वस्ती, येणारेजाणारे थांबून माग बघतायत, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. स्तुती कुणाला कडू लागते? दिवस मावळायच्या आत शेला द्यायचा असं ठरलं आणि रीत पार पाडायला वस्ती बारवेपाशी जमली.

रीतीचा मान कारभारणीच्या धाकट्या दिराकडे होता. त्यानं ढोल लावले, रांजण खाली नेला आणि थोरल्यांना अलगद पाण्यात सोडलं.

थोरले बुडाले. आणि लगेच वर आले. पाय मारत मारत त्यांनी पायरी गाठली आणि वर चढून बसले.

"दर्शन दिलं!" दीर हात जोडून म्हणाला. लोकांनी फुलं टाकली. ढोल आणखी जोरात वाजू लागले. कारभारणीनं पुढे होऊन थोरल्यांच्या पाठीला हळद लावली.

त्यांना पुन्हा पाण्यात सोडलं. ते पुन्हा पायरीवर आले. आता तर लोकांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तळ्यात असताना थोरले कधी असे येऊन भेटत नसत, आणि इथं पुन्हा पुन्हा भेटतायत! सरदारानंही हात जोडले. त्याचे हात तर जरा जास्तच घट्ट जुळले होते. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. थोरल्यांची पाठ हळदीनं पिवळीजर्द झाली.

मग जेवणाची वेळ झाली. ढोलवाले भाकरी खायला बसले, लोक सावलीला पांगले. कारभारीण मात्र बारवेच्या पायरीवर एकटीच बसून राहिली. उन्हानं दगड असा तापला होता की तिला पायाखाली पदर घ्यावा लागला. आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं, मला पाय टेकवत नाही, तर हे इथं बसलेत कसे? तळ्यात ऊन चढलं की थोरले गाळात जाऊन बसायचे. इथं हातभर अंतरावर गार पाणी आहे, आणि हे तापल्या दगडावर भाजून घेतायत.

ती खाली वाकून हळूच म्हणाली, "थोरले, पाण्यात का जात नाही?"

"मघापासून तेच सांगतोय," कासव म्हणालं. "ढोलांतून ऐकू जाईना तुम्हाला. पाण्यात डोळे चुरचुरतात, कातडी जळते. मी जीव वाचवून वर येतो आणि तुम्ही हळद लावून परत ढकलता."

कारभारणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिली हळद तिनंच लावली होती. तिनं घागरभर गाडीतलं पाणी आणवून थोरल्यांच्या अंगावर ओतलं, त्यांना रांजणात ठेवलं आणि मग त्या जागेकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. इतका वेळ ती फक्त तिथं दिसणारी आपली वस्ती पाहत होती.

बारवेत एक बेडूक नव्हता. कोनाड्यांत पारव्याचं एक घरटं नव्हतं. भाकरीचे तुकडे सांडले होते, पण एक मुंगी फिरकली नव्हती. तिनं पांढऱ्या सुताची एक लडी मागवली, बारवेच्या पाण्यात बुडवली आणि उन्हात टाकली. लडी वाळली तेव्हा तिच्यावर हिरवट छटा होती. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं ना, अगदी तसली. तिनं धागा ताणला, तो चटकन तुटला.

"माग मांडायचा एक खड्डा खणा," ती म्हणाली. विणकर पाय सोडून बसतात तो खड्डा. आजवर रीत अशी, की जागा आपली झाल्यावरच हा खड्डा खणायचा.

सरदार लगबगीनं आला. "कारभारीणबाई, हे काय? जागा घेण्याआधी खणायचं नसतं."

"मुलगी देण्याआधी घर बघतो आम्ही, सरदारसाहेब. लग्न लागल्यावर नाही."

दीर तिला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, सगळा परगणा बघतोय. थोरल्यांनी कौल दिलाय. आता मागे फिरलो तर हसं होईल आपलं."

"हसू देत," कारभारीण म्हणाली. "कौल दिला होता त्यांनी. आपण उलटा वाचला, आणि आधी मीच वाचला. खणा."

कमरेइतकं खोल गेल्यावर माती बदलली. वर तपकिरी होती, खाली मोरपिशी निघाली. दिसायला सुंदर, पण नाकाला झोंबणारा आंबूस वास येत होता. खणणाऱ्याचे हात चरचरू लागले, तो घाईनं बाहेर आला आणि गाडीतल्या घागरीच्या पाण्यानं हात धुऊ लागला.

सगळ्यांनी सरदाराकडे पाहिलं. त्यानं मिशा चाचपल्या. मग म्हणाला, "आजोबांच्या काळी इथं टांकसाळ होती. तांब्याची नाणी तेजाबात उजळायची आणि ते तेजाब खड्ड्यात ओतायचं. पण त्याला किती काळ लोटला! वर माती टाकलीय की चांगली. कोण कशाला खणून बघतं?"

"माग मांडणारे बघतात," ती म्हणाली.

"बरं, मग अर्धा शेला द्या. अर्ध्या शेल्यात एवढी जागा कुठे मिळेल?"

कारभारणीनं शेल्याची घडी उचलून आपल्या खांद्यावर घेतली. "आमचा शेला कापत नाहीत, सरदारसाहेब. आणि आमच्या पोरांच्या पोटात तुमच्या आजोबांचं तेजाब जाणार नाही, जागा फुकट दिलीत तरी."

वस्तीनं पुन्हा गाड्या जुंपल्या. लोक थकले होते, काहींचे चेहरे पडले होते. पण कारभारीण खांद्यावर शेला टाकून ज्या ताठ चालीनं फाटकातून बाहेर पडली, ती पाहून मागचेही आपोआप ताठ झाले. वाटेतले लोक विचारत, "जागा मिळाली नाही वाटतं?" आणि वस्तीतली माणसं म्हणत, "मिळाली होती. आम्ही नाही घेतली." हे वाक्य म्हणताना त्यांना किती बरं वाटे म्हणून सांगू!

पुढे डोंगराच्या पायथ्याशी एका धनगर म्हातारीची जागा होती. आडवीतिडवी, दगडगोट्यांची. विहिरीवर शेवाळाची हिरवी साय. घागर बुडवायला जावं तर बेडूक चहूकडे उड्या मारत.

म्हातारीनं आधीच सांगून टाकलं, "बायांनो, मागनं बोल नको. ह्या कोपऱ्यात पावसाळ्यात पानी तुंबतंय. त्या वारुळात जनावर हाय, पर कुनाच्या वाटंला जात न्हाई. शेवाळ काढलं की पानी ग्वाड हाय. मी जल्मभर तेच पितीय."

"आजी, खड्डा खणला तर चालेल?"

"खना की. माती काय लाजती व्हय?"

खड्ड्यात मुरूम लागला आणि गांडुळं निघाली. सुताची लडी भिजवली, ती पांढरीशुभ्र वाळली आणि ताणून तुटली नाही. मग थोरल्यांना पाण्यात सोडलं. या वेळी कारभारणीनं ढोल वाजू दिले नाहीत. थोरले शेवाळाखाली गेले ते गेलेच. लोक काठावर बसून राहिले. ऊन चढलं, ऊन उतरलं, थोरल्यांचा पत्ता नाही.

"दर्शन दिलं नाही," दीर हिरमुसून म्हणाला.

"भावोजी, ज्याला घर आवडलं तो उंबऱ्यावर कशाला बसेल?" कारभारीण म्हणाली आणि तिनं आपली घागर बुडवली. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

शेला म्हातारीला दिला. अर्धी जागा म्हातारीनं वस्तीला दिली आणि अर्धीवर ती आपली मेंढरं घेऊन शेजारी राहिली. राजासाठी विणलेला तो शेला पांघरून ती थंडीत मेंढरांमागे फिरायची. तिला तसं जाताना पाहिलं की विणकरांचे धोटे क्षणभर थांबत. राजाच्या खांद्यावर गेला असता तर त्यांना इतका अभिमान वाटला नसता, असं ते म्हणत, आणि मनापासून म्हणत.

इकडे सरदारानं त्या मोकळ्या जागेत आपला घोड्यांचा तबेला हलवला. घोडे बारवेचं पाणी पिऊन रोडावले, त्यांचे केस झडले आणि एकेक करून खाली बसले. राजाच्या कानावर गेलं. राजानं सरदाराला त्याच्याच माणसांकरवी ते खड्डे उपसायला लावले आणि काम पुरं होईतो त्याच्या पागेला कुलूप ठोकलं. ते काम त्याच्या नातवापर्यंत पुरलं.

विणकरांच्या कापडाचं नाव पूर्वीपेक्षा मोठं झालं. त्यांच्या लुगड्याच्या काठात एक लहानसं कासव विणलेलं असे. नवी सून घरात आली की तिला ते दाखवून रीत सांगत: थोरले पाण्यात राहिले तरच घागर बुडवायची, ते पायरीवर आले तर गाडी जुंपायची. आणि ढोल वाजवायचे ते संध्याकाळी, सगळं बघून झाल्यावर.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: जागा घेण्याआधी तिला खणून विचारावं, आणि ती उत्तर देत असेल तेव्हा आपले ढोल बंद ठेवावेत.